जुळ्यांचं बारसं करणारे मुजीबभाई

मुजीबभाईंच्या लक्षात माणसांची नावं राहायची नाहीत. मी देवगाव रंगारीची, पण पहिलं वर्षभर त्यांनी मला 'कन्नडवाली मॅडम' म्हणूनच हाक मारली. मी म्हणायचे, "अहो, देवगावचा तालुका कन्नड आहे, मी कन्नडची नाही." ते म्हणायचे, "हौ हौ, तेच ते." कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या ओळींची, गोष्ट मात्र वेगळी. तुम्ही लिहिलेल्या चार ओळी एकदा त्यांच्या नजरेखालून गेल्या की त्या कायमच्या डोक्यात. पुढं कधीतरी दुसऱ्या कोणी तशाच चार ओळी लिहिल्या, की हा माणूस खुर्चीत मागं रेलायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "ये मैंने कहीं पढा है, बा." आणि खरंच वाचलेलं असायचं. दोन फाइली शेजारीशेजारी उघडून दाखवायचे. चोर रंगेहाथ.

आमचं ऑफिस जालना रोडच्या मागच्या गल्लीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खालून ड्रिलचा आवाज आणि वरती आम्ही. लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं, म्हणजे पेशंटच्या पाळ्या, औषधांचा साठा, पेशंटला जाणारे मेसेज, हे आमचं काम. सगळं पीएचपी या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. आजकालची पोरं पीएचपीचं नाव काढलं की नाकं मुरडतात. मुरडा म्हणावं. आमची चूल त्याच्यावरच पेटते. तर आमच्याकडं कोणीही काहीही लिहिलं, तरी मुजीबभाईंनी वाचून 'चलेगा' म्हटल्याशिवाय ते दवाखान्यांपर्यंत जायचं नाही.

वाचायचे ते मोठ्यानं. कंस कुठं उघडला, कुठं मिटला, ओळ किती आत सरकवली, नाव काय दिलं, यावर इतके चिडायचे, की नव्या माणसाला वाटावं आपण यांच्या घरात चपला घालून शिरलो. एकदा आमच्या संदीपनं एका आकड्याला 'टेम्प टू' असं नाव दिलं होतं. मुजीबभाईंनी त्याला उभं केलं. "संदीप, तुला पोरगं झालं तर त्याचं नाव 'तात्पुरता दोन' ठेवशील काय रे?" संदीपचं लग्न व्हायचं होतं. तो लाजून लाल झाला. "मग याचं का ठेवलं? हे पण कोणाचं तरी लेकरूच आहे. पेशंटचं वजन आहे ना? मग 'पेशंटचं वजन' म्हण की. जीभ झिजती काय?"

पण त्यांचा खरा राग होता तो नकलेवर. एक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक स्वतंत्र कप्पा समजा, कोणीतरी चांगला लिहिलेला असतो. दुसऱ्याला तसंच काहीतरी पाहिजे असतं. मग तो ते उचलतो, दुसऱ्या फाइलीत चिकटवतो, नाव बदलतो, आणि चहाला जातो. मुजीबभाई म्हणायचे, "आज ठीक आहे. उद्या एकात चूक सापडली, तुम्ही ती दुरुस्त केली. आणि दुसऱ्यातली? ती तशीच पडून राहती. तिच्याकडं कोणी फिरकत नाही. एक पोरगं शाळेत, एक पोरगं उकिरड्यावर." हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आम्ही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

त्यातूनच बारशाची पद्धत पडली. ज्याची नक्कल पकडली जाईल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला घुगऱ्या आणायच्या. आणायच्या म्हणजे आणायच्या, हरभरे भिजवून, शिजवून, कांदा-लिंबू मारून. मुजीबभाई फळ्यावर दोन्ही क्लासची नावं लिहायचे आणि वर मोठ्या अक्षरांत 'जुळ्यांचं बारसं'. मग सगळ्यांनी मिळून त्या जुळ्यांना टोपणनावं ठेवायची. सोनी-मोनी झाल्या, गोट्या-मोट्या झाले. नावं ठेवून झाली, की अपराध्यानं सगळ्यांसमोर बसून दोघांचा एक क्लास करायचा, आणि मुजीबभाई मागं उभं राहून घुगऱ्या खात सूचना करणार. मला स्वतःला तीनदा हरभरे भिजवावे लागले. तिसऱ्या वेळी आईनं विचारलं, "तुमच्या हापिसात बायांना दिवस लई जातात का गं?"

शहागंजला त्यांच्या घरी ईदेला जायचो आम्ही. पुढं भावाचं चपलांचं दुकान, मागं घर. भाभी शीरखुर्मा वाढता वाढता गाऱ्हाणं सांगायच्या. "मॅडम, इनके सामने घरात एकासारखी दुसरी वस्तू ठेवायची सोय नाही. दोन चाळण्या होत्या माझ्याकडं, एक पिठाची, एक रव्याची. यांनी एक उचलून बहिणीला देऊन टाकली. म्हणे, दोन कायको?" मुजीबभाई मान खाली घालून खुर्मा खात होते. "सारख्याच दिसत होत्या," ते म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

डायलिसिसचं काम आमच्याकडं आलं ते एका डॉक्टरांकडून. त्यांचं एक केंद्र शहरात आणि एक अजिंठ्याच्या वाटेवरच्या एका गावात. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत, त्यांचं रक्त मशीननं धुवायचं. ठरलेल्या दिवशी पाळी, आणि ती चुकवून चालतच नाही. कोणाची पाळी कधी, हे पेशंटच्या मोबाइलवर मेसेजनं कळवायचं, एवढं आमचं सॉफ्टवेअर. शहराच्या केंद्राचा क्लास आधी झाला. गावाचं केंद्र नंतर सुरू झालं, तेव्हा आमच्यातल्या एका पोरानं शहराचाच क्लास उचलून गावाला चिकटवला, आणि थोड्याच दिवसांत तो पुण्याला नोकरी लागून निघून गेला.

मधल्या काळात मालकांनी नक्कल शोधणारं एक टूल आणलं. ते सगळा कोड चाळतं आणि कुठल्या ओळी कुठल्या ओळींसारख्या आहेत ते दाखवतं. आम्हाला वाटलं मुजीबभाई रुसतील. कसलं काय! ते लहान पोरासारखे खूश झाले. त्या टूलनं पहिल्याच दिवशी हे दोन क्लास समोर आणून ठेवले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखे, फरक फक्त एका ठिकाणी. पाळीच्या दिवशी सरकारी सुट्टी आली, तर शहराचा क्लास तारखेत एक मिळवायचा आणि गावाचा क्लास एक वजा करायचा. शहरात पाळी एक दिवस पुढं, गावात एक दिवस मागं.

"देखो," मुजीबभाई म्हणाले. "मी काय सांगतो नेहमी? एकातली चूक सुधारली, दुसऱ्यातली तशीच राहिली. एक पोरगं शाळेत, एक उकिरड्यावर." सगळ्यांना विचारलं, हे वजा कशाला रे? कोणाला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या पोराला फोन लावला, त्यानं उचलला नाही. नक्कल करणारा तर हजर नव्हता, मग बारसं कोण करणार? मुजीबभाई म्हणाले, "बाप परागंदा असला म्हणून काय झालं? मामा आहे ना." दुसऱ्या दिवशी स्वतः डबा भरून घुगऱ्या आणल्या. जुळ्यांची नावं ठेवली शहरू आणि गावरू. सगळ्यांसमोर दोघांचा एक क्लास केला, वजाचं अधिक केलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. घुगऱ्या फार चांगल्या झाल्या होत्या. भाभींनी त्यात खोबरं घातलं होतं. मी दोनदा घेतल्या.

नंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. सुट्टी आणि पाळी एकाच दिवशी यावी लागते ना. ती आली तेव्हा त्या गावाच्या केंद्रातून सिस्टरचा फोन आला. मीच उचलला. "तुमच्या मेसेजमुळं आमचा एक पेशंट बंद दारावरून परत गेला. बाकीच्यांनी फोन करून विचारलं, त्यांचं निभलं. हे निवृत्तीकाका थेट आले. दुसऱ्या दिवसापर्यंत फुप्फुसात पाणी भरलं. शहरात आयसीयूत आहेत."

मुजीबभाई तेव्हा चहा पीत होते. मी सांगितलं तसा कप खाली ठेवला आणि तो क्लास उघडला. नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले. "अगर पाळी आहे, और त्या दिवशी सुट्टी आहे, तर तारीख अधिक एक..." थांबले. परत वाचलं. "अधिक एक." मग जुनी फाइल शोधून काढली. "वजा एक." त्यांनी त्या गावातल्या केंद्राला फोन लावला आणि विचारलं, "सिस्टर, त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं काय होतं?" सिस्टर म्हणाली, "बाजार होता. बाजाराच्या दिवशी केंद्र कधीच उघडं नसतं. त्या दिवशी टँकर मिळत नाही, आणि पाण्याशिवाय आमचं मशीन चालत नाही. म्हणून तर सुट्टी आली की पाळी आदल्या दिवशी घ्यायला सांगितलं होतं तुमच्या त्या पोराला."

म्हणजे ते वजा चूक नव्हतंच. आमच्या सगळ्या प्रोग्रामात तेवढं एकच ठिकाण होतं, जिथं कोणीतरी त्या गावाचा विचार केला होता. पोरानं तो नीट लिहून ठेवला नाही, कारण सांगणारी एक ओळ वर टाकली नाही, हे खरं. पण पुसला तो आम्ही. टाळ्या वाजवून पुसला.

"मैंने किया," मुजीबभाई म्हणाले. खालून ड्रिलचा आवाज येत होता.

मालक वाईट माणूस नाहीत. घाबरले होते. ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगा, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. मेसेज उलटसुलट गेले. सगळ्या कंपन्या हेच सांगतात." मुजीबभाई म्हणाले, "सगळे सांगतात म्हणून आपणही सांगायचं? ती तर कॉपीच झाली, साहेब." मालक चिडले. आमच्याकडं हात करून म्हणाले, "उद्या डॉक्टरांनी काम काढून घेतलं, तर या सगळ्यांच्या घरी काय सांगायचं?" आम्ही खाली बघत बसलो. एकानंही मान वर केली नाही. मुजीबभाईंनी आमच्याकडं एकदा बघितलं, रागानं नाही, आणि डॉक्टरांना मेल लिहायला घेतलं. त्यात आमच्यापैकी कोणाचं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. 'मी' होतं.

डॉक्टरांनी काम काढून घेतलं नाही. त्या दिवसापुरतं आम्हाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

निवृत्तीकाका वाचले. घरी आले तसं मुजीबभाई मला म्हणाले, "कन्नडवाली मॅडम, माझ्यासोबत अजिंठ्याला येता का? गावात कसं बोलायचं, मला समजत नाही." मी म्हटलं, तुम्हाला काय समजत नाही, डोंबल! पण गेले. सकाळच्या एसटीनं गेलो. मोसंबी घेतली होती, मग त्यांना आठवलं की किडनीच्या पेशंटला चालत नाहीत. ती एसटीतच एका बाईच्या लेकरांना देऊन टाकली. पूर्ण रस्ताभर ते एकच वाक्य जुळवत होते. ओठ हलताना दिसत होते मला.

काका लेणी बघायला येणाऱ्या लोकांना रंगीत खडे आणि माळा विकायचे. घरात खाटेखाली अजून खड्यांची टोपली होती. ते भिंतीला टेकून बसले होते, अंगात बनियन, हाताची नस सुजलेली. मुजीबभाई खाली सतरंजीवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "काका, मी मुजीब. ते मेसेज येतात ना तुम्हाला, ते आमच्याकडून येतात. त्या दिवशीची तारीख मी चुकवली. सिस्टरनं नाही, डॉक्टरनं नाही. मी."

काका म्हणाले, "म्हंजी ते निरोप माणूस धाडतो व्हय?"

"मशीन धाडतं काका. पण मशीनला माणूसच सांगतो."

"मला वाटलं, मशीन हाय, चुकायचं नाय." काका हसल्यासारखं करत म्हणाले, "तसं बघितलं तर माझीबी चूक हाय. बाजाराच्या दिशी तिथं कुलूप असतंय हे मला ठावं नव्हतं का? पर निरोप आला म्हणलं, आज उघडं ठिवलं असंल आपल्यासाठी. फोन करून इचारायला पायजे व्हतं मी."

"नाही, काका!" मुजीबभाई एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी दचकले. "असं नका म्हणू. फोन मी करायला पाहिजे होता. मी एकच केला, उचलला नाही, सोडून दिलं." आणि ते रडायला लागले. चांगला पन्नाशीचा माणूस, त्या सतरंजीवर बसून हुंदके देत होता, आणि ज्याचा जीव जाता जाता राहिला तो म्हातारा खाटेवरून वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवत होता. मला कुठं बघावं ते कळेना.

सरूमावशी, काकांची बायको, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पाणी आणून ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही मऊ पडलेलं नव्हतं. "तुमी सांगाया आले, चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पर ह्यांना आता टोपली घेऊन उभं राहवत नाय. धंदा बसला तो बसला. त्याचं मी तुमाला काय म्हणत नाय. एकच सांगा. म्होरं दुसऱ्या कुनाचं असं व्हनार नाय ना?"

मी मनात म्हटलं, म्हणा हो मुजीबभाई, 'होणार नाही' म्हणा. म्हणून टाका आणि उठू या. पण ज्या माणसानं वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वाचल्या, त्याच्या तोंडून ते शब्द निघेनात. शेवटी म्हणाले, "कोशिश करतो, मावशी."

"कोशिश नगं," मावशी म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या.

त्यानंतर ऑफिसात बारसं झालं नाही. मुजीबभाईंनी ते वजा परत आणलं, वर कारण लिहिलं, बाजाराचा नियमही स्वच्छ वेगळा लिहिला. पण आता त्यांच्या हातून पुढं काही सुटेना. दोन क्लासमध्ये टिंबाचा फरक दिसला तरी ते दवाखान्याला फोन लावायचे. "हे वेगळं का आहे, सांगता का जरा?" तिकडचे वैतागायचे. 'चलेगा' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला आम्ही आसुसलो. कामं तुंबली. मालक एकदा समजावून बोलले, दोनदा बोलले, आणि मग मुजीबभाईंनी स्वतःच राजीनामा दिला. जाताना सगळ्यांशी हात मिळवला. माझं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर घेतलं.

त्यांची खुर्ची मला मिळाली. पगारही वाढला. खुर्ची चांगली आहे, पाठीला आधार देते. पण 'चलेगा' म्हणायची वेळ आली की मी तिच्यात टेकून बसू शकत नाही, पुढं सरकून, काठावर बसते. हे मालकांना सांगितलं तर ते नवी खुर्ची आणून देतील.

मुजीबभाई मला शेवटचे दिसले ते त्याच गावात. सरकारी सुट्टीला जोडून मी रजा टाकली होती. नवऱ्याचे मित्र आले होते, त्यांना लेणी दाखवायला निघालो होतो. त्या गावात बाजार भरलेला. गाडी अडकली. भाज्यांचे ढीग, बकऱ्या, भोंगा. सहज बाजूला बघितलं तर डायलिसिस केंद्राच्या बंद दारासमोर, पायरीवर, मुजीबभाई बसलेले. शेजारी पाण्याची बाटली. मी गाडीतून उतरले.

"अहो, तुम्ही इथं काय करताय?"

ते गडबडले. चोरी पकडल्यासारखे उठून उभे राहिले. "काही नाही, मॅडम. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी येतो मी इथं. बाजाराचा दिवस असला तर. कोणी चुकून आलं तर, म्हणून. रिक्षावाला सांगून ठेवलाय, सरळ शहराच्या केंद्रात न्यायचं."

"मुजीबभाई, मेसेज आदल्या दिवसाचाच जातो. मी स्वतः तपासलंय. कालसुद्धा बघितलं."

"हौ, ठाऊक आहे. तुम्ही तपासलं म्हणजे बरोबरच असणार."

"मग? इतक्या दिवसांत आलं का कोणी?"

"नाही. कोणीच नाही."

नवरा हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात रस्त्यानं एक अनोळखी म्हातारे हातात पिशवी घेऊन, हळूहळू, थेट केंद्राच्या दिशेनं येताना दिसले. मुजीबभाई ताडकन पायरी उतरून धावले. बाटली लवंडली. "काका! काका, आज बंद आहे! थांबा, चालू नका, रिक्षा बोलावतो!"

म्हातारे बिचकून थांबले. मुजीबभाईंनी त्यांचा दंड धरला होता. "आरं, सोड की बाबा," ते म्हणाले. "मला मेथीची जुडी घ्यायचीय."

मुजीबभाईंनी हात सोडला. माफी मागितली. म्हातारे मान हलवत बाजारात शिरले. मी हसून काहीतरी बोलणार होते, पण मुजीबभाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते परत पायरीवर जाऊन बसले आणि रस्त्याकडं बघायला लागले.